चार फटफट्या आणि घाटावरचा मुलूख

फटफटी या शब्दाइतका प्रामाणिक शब्द मराठीत शोधून सापडायचा नाही. यंत्राने आपले नाव आपणच सांगावे आणि माणसांनी ते जसेच्या तसे लिहून घ्यावे, असा हा प्रकार. आमच्या आजोबांच्या पिढीला गावात फटफटी वाजली की ती कोणाची, हे अंथरुणात पडल्या पडल्या समजे. कारण ती एक तर डॉक्टरांची असायची, नाही तर फौजदारांची. १९५५ पासून मद्रासेत बुलेट तयार होऊ लागली, १९६१ पासून म्हैसुरात जावा निघाली, पुढे तिचीच येझदी झाली, आणि राजदूत तर दुधाच्या कॅनांसकट खेडोपाडी पोचली. आता घरोघर दुचाकी आहे. काही घरांत माणशी एक आहे. आणि गंमत अशी, की ती सर्वांच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हापासून तिच्यावरून सहलीला जाणे मात्र मध्यमवर्गीयाने सोडून दिले. दुचाकी भाजी आणण्याकरिता, मुलाला शिकवणीला सोडण्याकरिता, कचेरी गाठण्याकरिता. सहलीला जायचे तर मोटार. काचा वर, थंड हवा चालू, आणि मागच्या बाकावर प्रत्येकाचे डोके आपापल्या फोनमध्ये.

म्हणूनच २०२४ च्या जानेवारीत, सव्वीस तारीख शुक्रवारी आली आणि तीन दिवसांची सुट्टी हाती लागली, तेव्हा आम्ही चार मित्रांनी अकोल्याहून फटफटीने निघून बुलढाणा जिल्ह्याला एक फेरा घालण्याचा बेत जाहीर केला, आणि चारही घरांत एकाच वेळी शांतता पसरली. चौघे म्हणजे एक डॉक्टर, एक वकील, एक बँकेतले अधिकारी आणि मराठी शिकवणारा मी. कॉलेजातली मैत्री, पन्नाशी अजून आलेली नाही एवढ्यावर समाधान मानण्याचे वय. आमच्या सौभाग्यवतीने एवढेच विचारले, "अहो, बुलढाण्याला एस्.टी. जात नाही का?"

प्रश्न थट्टेचा होता, पण त्यातली काळजी खोटी नव्हती. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावरच्या अपघातांनी १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतली शेकडा ४४ दुचाकीवरची होती. ही संख्या ठाऊक असलेल्या कोणत्याही बाईने नवऱ्याला हसत हसत निरोप द्यावा, अशी अपेक्षा करणे निर्दयपणाचे आहे.

त्यातून आमच्या बँकवाल्या मित्राची गोष्ट वेगळी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या छातीत कळ आली, रक्तवाहिनीत स्टेंट बसला, आणि पुढे सगळ्या तपासण्या व्यवस्थित निघाल्या. हृदय बरे झाले. भीती बरी झाली नाही. जिना चढताना तो पायऱ्या मोजी. लग्नकार्याला गेला तर दाराजवळची खुर्ची धरी. वडिलांच्या वेळची येझदी गॅरेजात कापडाखाली झाकून ठेवलेली, आणि ती विकावी म्हणून दोनदा गिऱ्हाईकही आणलेले. सहलीची कल्पना डॉक्टरांची. त्यांनी पुन्हा एकदा त्याच्या साऱ्या तपासण्या करवून घेतल्या, आणि मग त्याच्या घरी जाऊन बसले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुम्ही म्हणता म्हणून पाठवते. पण त्यांना तुमच्यामागे पळायला लावू नका." त्या एका वाक्यातून आमचा सारा कायदा निघाला.

कायद्याची कलमे वकिलांनी कागदावर उतरवली. कलम एक : हेल्मेट उतरेल ते गाडी उभी राहिल्यावरच. कलम दोन : सूर्य मावळला की गाडी थांबली, मग मुक्काम कोठेही पडो. कलम तीन : साठाच्या वर काटा नाही. आणि कलम चार : जो सर्वांत सावकाश, तो पुढे, त्याला कोणी मागे टाकायचे नाही.

हे चौथे कलम वाचकांना उलटे वाटेल. परंतु विचार करून पाहावा. वेगाचा माणूस पुढे असला की शेवटचा त्याला गाठण्यासाठी आपल्या ताकदीबाहेर गाडी हाणतो, आणि घात होतो तो नेमका वळणावर. सावकाश जाणारा पुढे असला की साऱ्या रांगेला त्याची चाल येते. पुढे येझदी, तिच्यामागे मी, मग वकील, आणि सर्वांत शेवटी बुलेटवर डॉक्टर, औषधांच्या पिशवीसकट. अशी आमची वरात निघाली.

घाटाखालून घाटावर

प्रजासत्ताकदिनाची सकाळ. वाटेत एका गावात शाळेची प्रभातफेरी आडवी आली. मोटारवाले अशा वेळी हॉर्न वाजवतात. आम्ही गाड्या बंद करून उभे राहिलो. एका चिमुरडीने हातातला कागदी झेंडा येझदीच्या हँडलला खोवून दिला. तो तिसऱ्या दिवशीपर्यंत टिकला.

बुलढाणा जिल्हा म्हणजे तेरा तालुके, ९,६६१ चौरस किलोमीटर. पण तिथला माणूस जिल्ह्याचे दोनच भाग मानतो : घाटाखाली आणि घाटावर. घाटाखाली पूर्णेचे खोरे. काळी कसदार जमीन आणि कापूस. खामगाव ही या कापसाची जुनी पेठ. विलायतेतल्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाची इतकी निकड, की जलंबपासून खामगावपर्यंत खास फाटा घालण्यात आला, आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आला. कापसाइतकीच खामगावची चांदी प्रसिद्ध. लग्नाची ताटे-वाट्या घ्यायला माणसे दुरून येतात.

खामगाव सोडून बुलढाण्याची वाट धरली की बोथ्याचा घाट लागतो. मोटारीत बसलेल्याला घाट डोळ्यांनी कळतो. फटफटीवरच्याला तो आधी मनगटाला कळतो, मग कानाला, मग नाकाला. गिअर उतरतो, इंजिनाचा सूर जड होतो, आणि एका वळणावर अचानक हवा थंड होऊन वाळल्या सागपानांचा वास येतो. हे ज्ञानगंगा अभयारण्य. बिबटे आणि अस्वले इथली जुनी रहिवासी. पण इथल्या सर्वांत नामांकित पाहुण्याने वाहन वापरलेच नव्हते. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला, आणि शेते, नाले, रस्ते ओलांडीत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून डिसेंबरात ज्ञानगंगेत पोचला. गळ्यात रेडिओचा पट्टा होता म्हणून त्याची वाट समजली. स्वतःची हद्द शोधायला निघालेला जीव तो. बँकवाले मित्र ही हकिगत ऐकून म्हणाले, "त्याला घरून कोणी अडवले नसेल." खूप दिवसांनी त्याने केलेला हा पहिला विनोद.

घाट चढून आले की आपण एका मोठ्या पाणलोटाच्या माथ्यावर उभे असतो, हे नकाशा पाहिल्याशिवाय सहसा लक्षात येत नाही. या माथ्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस ज्ञानगंगा, नळगंगा अशा नद्यांतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि तापीतून अरबी समुद्राला जातो. दक्षिणेला पडलेला पैनगंगेत उतरतो, वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी नावे घेत बंगालच्या उपसागराला मिळतो. पैनगंगेचा उगम बुलढाण्याजवळच्याच डोंगरांतला. एका ढगातले दोन थेंब, हातभर अंतरावर पडलेले, आणि दोघांना दोन समुद्र! त्या रात्री बुलढाण्यात शेकोटीशी बसून आम्ही हेच बोलत होतो. या गावाचे मूळ नाव भिल्लठाणा असे सांगतात. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच; जानेवारीतली थंडी त्या उंचीला शोभेशी होती.

रस्त्यावरची माणसे

फटफटीच्या सहलीत बोलता येत नाही, हे तिचे मोठे सुख आहे. वीस-पंचवीस किलोमीटर प्रत्येक जण आपल्याशी एकटा असतो. मग चहाची टपरी येते, आणि साठलेले सगळे बोलणे एकदम बाहेर पडते. मोटारीत मित्र सारखे बोलत असतात, आणि पोचल्यावर बोलायला काही उरत नाही.

दुसऱ्या दिवशी चिखली मागे टाकून देऊळगावमहीकडे जाताना हरभऱ्याच्या शेताशी थांबलो. हेल्मेटे, पिवळी जाकिटे पाहून बांधावरचे म्हातारे गृहस्थ उठून आले.

"मोजणीवाले हाय का भाऊ?"

"नाही बाबा, फिरायला निघालोत."

"फिराले?" त्यांनी चारही गाड्यांकडे पाहिले. "एवढ्या थंडीत? घरी भांडन झालं काय?"

हसणे ओसरल्यावर बाबा सांगू लागले. त्यांच्या जावयाचे वावर तिकडे सिंदखेडराजाकडे. त्यातले निम्मे समृद्धी महामार्गात गेले. "पैसे भेटले, खोटं काहून बोलू? घर बांधलं, पोरीचं लगन झालं. पन पयले सकाळी उठून तो वावरात जाये. आता उठते अन् रस्त्याकडे पाहत बसते." एवढे बोलून त्यांनी हरभऱ्याचे डहाळे उपटून आमच्या हातांत दिले. वऱ्हाडचे हे जिल्हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे वर्तमानपत्रांत येतात. २००६ साली विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. वर्तमानपत्रात तो आकडा असतो. बांधावर तो हिरवे घाटे सोलून देणारा हात असतो, आणि पैसे पुढे केले तर रागावतो.

देऊळगावराजा तालुक्यातले मेहुणाराजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. जवळच्या खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखामेळा सागर असे नाव आहे. चौदाव्या शतकात ज्यांना देवळाच्या दाराबाहेर उभे राहावे लागले, १३३८ साली मंगळवेढ्याला वेशीचे बांधकाम कोसळून जे गाडले गेले, त्यांच्या नावाचे पाणी आज शेतात खेळते. कोणाच्याही नावाला यापेक्षा चांगले स्मारक मला सुचत नाही.

देऊळगावराजा सोडल्यावर येझदीची क्लचची वायर तुटली. बँकवाल्यांचा चेहरा उतरला; आपल्यामुळे खोळंबा झाला, हा विचार दोन वर्षे त्यांच्या मानेवर बसलेलाच होता. कडुनिंबाखाली पंक्चर काढणारा एक पोरगा होता, विशीच्या आतला. त्याच्याकडे येझदीची वायर नव्हती. पण दुसऱ्याच कोणत्या गाडीची वायर कापून, टोकाला स्वतः गुंडी बसवून, दीड तासात त्याने ती चालती केली. मजुरी सांगितली दीडशे रुपये. वर बँकवाल्यांना म्हणाला, "काका, गाडी म्हातारी हाय, पन इंजिन निरोगी हाय. झाकून नका ठेवू. झाकलेली गाडी सडते." डॉक्टर दुसरीकडे पाहू लागले. दोन वर्षे जे औषध ते सांगत होते, ते या पोराने दीडशे रुपयांत दिले होते.

सिंदखेडराजाला पोचेपर्यंत दुपार कलली होती. इथल्या लखुजी जाधवांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला. दरवर्षी बारा जानेवारीला लाखो माणसे इथे लोटतात. आम्ही पंधरा दिवसांनी गेलो, तेव्हा वाड्याच्या भव्य दरवाजात शाळेची दोन मुले आणि आम्ही, एवढेच होतो. लखुजींची प्रचंड समाधी मात्र मनात घर करून राहते. १६२९ साली देवगिरीला, निजामशाहीच्या दरबारात, ते आपल्या मुलांसह दग्याने मारले गेले. माहेरचा असा अंत पाहिलेल्या बाईने पुढच्याच वर्षी जन्मलेल्या मुलाला काय सांगून वाढवले असेल, याचे उत्तर महाराष्ट्राला ठाऊक आहे.

कलम दोन

समृद्धी महामार्ग याच मुलुखातून जातो. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी उघडला, आणि ५ जून २०२५ रोजी तो मुंबईच्या दारापर्यंत पुरा झाला. ताशी १२० ची मुभा. मोटार बुलढाणा जिल्हा तासाभरात ओलांडते. दुचाकीला त्यावर मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर एका खाजगी बसला आग लागली, आणि झोपेतच २५ माणसे गेली. आम्ही त्या महामार्गाच्या पुलाखालून, जुन्या रस्त्याने, दुसरबीड, बिबी अशी गावे घेत चाललो. वर गाड्यांचा घूं घूं आवाज, खाली बैलगाडीत तुरीची ओझी.

क्लचच्या वायरीने खाल्लेला दीड तास आता जाणवू लागला. लोणारला मुक्काम ठरलेला, खोली सांगून ठेवलेली. सुलतानपूरपाशी आलो तेव्हा सूर्य टेकला होता, आणि लोणार दहा-बारा किलोमीटरांवर राहिले होते. वकिलांनी मागून हॉर्न देऊन खूण केली : चला, ओढू या! माझाही हात मुठीवर आवळला. एवढ्याशा अंतराने काय होते? पुढच्या येझदीवरचा डावा हात वर झाला. बँकवाल्यांनी टपरीशी गाडी लावली, हेल्मेट काढले आणि म्हणाले, "कलम दोन."

वकिलांनी वाद घातला. कायद्याला अपवाद असतात, संधिप्रकाश हा दिवसात धरावा, वगैरे. बँकवाले ऐकत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्यातला कोणी वेगाने गेला असता तर मी अडवू शकलो नसतो. पण पुढे मी आहे. मी घरी शब्द दिला आहे, आणि मला परत यायचे आहे." त्यावर वाद उरला नाही. दोन वर्षे तो जे जपून वागत होता, ते मरणाच्या भीतीने. आज प्रथमच त्याने जगण्याच्या बाजूने हट्ट धरला होता. टपरीवाल्यांनी पिठाच्या गिरणीवरची रिकामी खोली उघडून दिली. त्यांच्या घरून भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी आली. चारही घरांना फोन गेले : मुक्काम सुलतानपूर. वहिनी पलीकडून म्हणाल्या, "बरे केलेत." त्या दोन शब्दांत काय होते ते फोन धरणाऱ्यालाच ठाऊक.

खारे पाणी, गोडे पाणी

म्हणून लोणार आम्ही पाहिले ते पहाटेच्या उन्हात. बसाल्टच्या खडकावर आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने पडलेली ही वाटी. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ज्वालामुखीचे तोंड की अशनीचा घाव, हा वाद बरीच वर्षे चालला; १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताच्या बाजूने निकाल दिला. तिचे वय पूर्वी पन्नासेक हजार वर्षे समजत. २०१० च्या मोजणीत ते पावणेसहा लाखांच्या घरात गेले. पुराणाने हाच प्रसंग आधी सांगून ठेवला आहे : लवणासुराला विष्णूने मारले ते हे ठिकाण, गावातले देखणे दैत्यसूदन मंदिर त्याची साक्ष. काठावर धारेचे गोडे पाणी अखंड पडते. खाली तळ्यात खारट, अल्कधर्मी पाणी. २०२० च्या जूनमध्ये ते एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोध लावला, की क्षार वाढल्यामुळे फोफावलेल्या मिठात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी लोणार रामसर पाणथळींच्या यादीत गेले.

तळापर्यंत उतरण सोपी. झाडीतून मोर ओरडत होते. कमळजादेवीच्या देवळाशी बसून घटकाभर पाणी पाहिले. वर चढणे हीच खरी परीक्षा, कारण उंची दीडशे मीटरांच्या जवळपास. डॉक्टर म्हणाले, "कलम चार पायी चालतानाही लागू." बँकवाले पुढे, आम्ही मागे. ते थांबले की सगळे थांबत. पहिल्या टप्प्यात त्यांनी पायऱ्या मोजल्या. मी मागून ऐकत होतो. चाळीस, एकेचाळीस… मग एका वळणावर पाण्यावर पाखरांचा थवा उतरला, त्याकडे ते पाहत राहिले, आणि पुन्हा चालू लागले तेव्हा मोजणे विसरले होते. आम्ही कोणी आठवण दिली नाही.

पुढे मेहकर. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत लोणार आणि मेहकर ही दोन्ही गावे येतात. म्हणजे मराठी गद्याने पहिली पावले टाकली ती याच वाटांवर. विसाव्या शतकात याच मेहकरात वकिली करून ना. घ. देशपांडे कविता लिहीत होते. त्यांचा 'शीळ' हा संग्रह १९५४ चा, आणि १९८६ साली 'खूणगाठी'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या वकिलांनी हे ऐकून छाती फुगवली. शार्ङ्गधर बालाजीची १८८८ साली खोदकामात सापडलेली भव्य मूर्ती पाहून जानेफळमार्गे खामगावकडे उतरलो. पुन्हा घाटाखाली, पुन्हा उबदार वारा. शेगावला गजानन महाराजांच्या समाधीशी रांगेत उभे राहिलो. १८७८ साली महाराज इथे प्रकटले, १९१० साली समाधिस्थ झाले. जोडे सांभाळण्यापासून प्रसाद वाढण्यापर्यंतची कामे इथले सेवेकरी ज्या नम्रपणे करतात, ती पाहूनच माणसाचा आवाज खाली येतो. बाहेर येऊन कचोरी खाल्ली. बँकवाल्यांनी अर्धी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ऊन असतानाच अकोला गाठले. एकंदर सव्वाचारशे किलोमीटरांच्या आसपास. सगळ्यांत वेगवान मोटारीने हे अंतर एका दुपारीत संपवले असते, आणि त्यातले काहीच तिच्या हाती लागले नसते.

वाचकांपैकी कोणाला हा फेरा घालायचा असेल तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने चांगले. दिवसाकाठी दीडशे किलोमीटरांवर जाऊ नये, अनुभवी माणूस शेवटी ठेवावा, आणि बरोबर जुनी गाडी असेल तर क्लचची एक वायर जास्तीची घ्यावी. बाकी सामान थोडे पुरते. आणि आपल्या मंडळीत कोणी आजारातून उठलेला, कोणी उगाचच मागे राहू लागलेला असेल, तर वैद्याला विचारून त्याला बरोबर घ्यावे. फक्त त्याला मागे ठेवून वळून वळून पाहू नये, पुढे करावे. येझदी आता कापडाखाली नसते. रविवारी सकाळी ती आमच्या गल्लीत वाजते, आणि कोणाची ती, हे आम्हांला अंथरुणात पडल्या पडल्या समजते.